तळ उचकटलेलं खोकं

"माझ्या वडलांना चोर म्हणताहेत," खुर्चीवर बसायच्या आधीच ती मुलगी म्हणाली, "आणि ते तोंडातून अवाक्षर काढत नाहीत."

वहिनींनी चहाचा कप बशीत ठेवला. "बस आधी. चोरलंय काय म्हणतात?"

"बंदूक."

कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या भावजींनी पेपर खाली घेतला. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यापासून हा शब्द कानावर पडावा म्हणून ते आसुसलेले होते. आजवर वहिनींकडे आलेली प्रकरणं म्हणजे हरवलेले दागिने आणि पळालेले भाडेकरू. बंदूक ही पहिलीच.

वहिनी खरं म्हणजे एकट्या भावजींच्या वहिनी, थोरल्या भावाची बायको. पण त्यांची खाजगी तपासनीस म्हणून ख्याती झाली, आणि भावजी जिथे जातील तिथे "आमच्या वहिनी" असं छाती फुगवून सांगत सुटले. मग शहरभर त्यांचं नाव तेच पडलं. आपण त्यांचे उजवे हात आहोत असं भावजींचं मत होतं. वहिनींचं मत त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

मुलीने सांगितलं ते असं. तिचे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, पेट्या आणि खोकी बांधत. मोठमोठी यंत्रं, काचसामान, मूर्ती, जे दूर पाठवायचं ते अण्णांच्या खोक्यातून जाई आणि जसंच्या तसं पोचे. संग्रहालयाने एका जुन्या शिकाऱ्याची लांब नळीची ठासणीची बंदूक विकत घेतली होती. बंदुकीपेक्षा अपूर्वाई होती ती तिच्या खोक्याची. कारखान्यातून जहाजावर चढली तेव्हाचं मूळ खोकं, झाकणावर कारखान्याचा डागून उमटवलेला छाप, आत लाकडाचा कीस आणि मेणकागद, सगळं शाबूत. अशा बंदुका अजून मिळतात, पण त्यांची खोकी लोकांनी केव्हाच चुलीत घातली.

"झाकणाला सील लावून खोकं आमच्याकडे आलं, बाहेरच्या कड्या ढिल्या झाल्या होत्या म्हणून. अण्णांनी कड्या बसवल्या, खोकं संग्रहालयात गेलं. तिथल्या समितीसमोर उघडलं तर आत लोखंडी नळी! झाकणाचं सील धड, आणि तळाच्या फळ्या उचकटून नव्या खिळ्यांनी पुन्हा ठोकलेल्या."

"म्हणजे बंदूक तळातून काढली," भावजी म्हणाले.

"तसंच म्हणताहेत सगळे. आणि तळ उघडून बंद करायचं काम शहरात दुसऱ्या कुणाला जमणार, असंही म्हणताहेत." मुलीची मान ताठच होती. "समितीने चार दिवसांत खुलासा मागितलाय. नाहीतर पोलिसात तक्रार. अण्णा म्हणतात, चाळीस वर्षांच्या कामानंतर मी खुलासा देणार नाही. दुकानाला कुलूप लावून बसलेत."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटत नाही, मला माहीत आहे. माझ्या अण्णांनी कुणाच्या सामानाला ओरखडासुद्धा येऊ दिलेला नाही."

वहिनींनी पायात चपला सरकवल्या. काम घेतल्याचं सांगायची त्यांची हीच रीत होती.

*

अण्णांनी मुलीच्या हट्टाखातर कुलूप काढलं, पण बसा म्हणाले नाहीत. दुकानात ताज्या लाकडाचा वास होता. भिंतीवर करवती, पटाशा, रंधे उंचीप्रमाणे टांगलेले होते. एकही हत्यार वाकडं नव्हतं.

"मी चोरी केली नाही हे सांगायला मला बोलावू नका कुठे," अण्णा म्हणाले. "ज्यांना माझं काम ठाऊक आहे, त्यांनी मला विचारायलाच नको होतं."

"मी चोरीचं विचारायला आलेच नाही," वहिनी म्हणाल्या. "मी खोक्याचं विचारायला आले. कसं आहे ते?"

अण्णांनी प्रथमच वर पाहिलं. मग त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"बांधणाऱ्याने जीव ओतलाय त्यात. संग्रहालयाने मापं दिली होती. लांबी बंदुकीइतकीच, दोन्ही टोकांना बोटभर जागा, जास्त नाही. जहाज हेलकावलं तरी बंदूक हलायची नाही. आणि घोड्या पाहण्यासारख्या."

"घोड्या?" भावजींनी विचारलं.

"सतारीच्या तारा जिच्यावर टेकतात ना, तशी घोडी. तळापासून वीतभर वर दोन आडव्या फळ्या, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. अशा घोडीच्या वरच्या कडेला खाच असते, खाचेत बंदूक बसते. बाजूने चार स्क्रू घालून पक्क्या केल्यात. बाहेरून पाहिलं की स्क्रूंची डोकी दिसतात, त्यावरून ओळखलं मी. त्यांच्यावर जुना रंग तसाच होता. मी त्यांना हात लावला नाही."

"आणि तळ?"

"तळाचं काम मला दिलं नव्हतं. न दिलेलं काम मी करत नाही." एवढं बोलून अण्णांनी कुलूप हातात घेतलं.

बाहेर आल्यावर भावजी कुजबुजले, "माणूस फार ताठ आहे. मला जरा संशय येतो."

"ताठ माणसाचा तुम्हाला नेहमीच येतो, भावजी."

*

संग्रहालयाच्या तळघरात खोकं एका टेबलावर ठेवलं होतं. संग्रहपाल चाळिशीचे, शर्टाच्या खिशात चार पेन्सिली, बोलायला मऊ. समितीच्या निर्णयाची त्यांना लाज वाटत होती हे दिसत होतं, पण ती समितीपुढे बोलून दाखवायची छाती त्यांना झालेली नव्हती.

भिंतीवर खोक्याचं मोठं चित्र टाचलं होतं, मधोमध उभं कापल्यासारखं. झाकण, कीस, बंदूक, खाली दोन आडव्या घोड्या, तळ.

"हे मीच काढलं, इथे टाचलं मात्र कालच," ते म्हणाले. "खोकं शिकाऱ्याच्या घरी होतं तेव्हाच सगळं मापून घेतलं. प्रदर्शनात बंदूक एका बाजूला, खोकं मधोमध, आणि दिव्यांचा झोत खोक्यावर. लोकांनी बंदुका पुष्कळ पाहिल्यात. बंदूक घरी पोचायची कशी, हे कुणी पाहिलेलं नाही."

"सील कुणी लावलं?"

"आमच्या मानद सल्लागारांनी. सगळे त्यांना पारखी म्हणतात, जुन्या हत्यारांतला शब्द म्हणजे त्यांचाच. शिकाऱ्याच्या घरी, मी आणि शिकाऱ्याचा पुतण्या समोर असताना. आम्ही तिघांनी बंदूक आत पाहिली, झाकण लावलं, झाकणाचे सगळे स्क्रू पिळले आणि त्यांच्या डोक्यांवर पारख्यांनी लाख ओतून अंगठीचा छाप मारला. लाख फोडल्याशिवाय स्क्रू फिरायचा नाही. समितीसमोर उघडताना सगळे छाप मी स्वतः पाहिले. शाबूत होते."

"उघडल्यावर काय दिसलं?"

"वरचा कीस बाजूला केला आणि हाताला मेणकागदाची गुंडाळी लागली. अगदी वरच होती. उचलून सोडली तर लोखंडी नळी. लांबीला, वजनाला बंदुकीसारखीच."

वहिनींनी बाह्या सारल्या आणि किसात कोपरापर्यंत हात घातला. जरा वेळ चाचपलं. मग खोक्याच्या दोन्ही बाजू बोटाने तपासल्या. चारही स्क्रूंच्या डोक्यांवर जुना काळपट रंग होता, एकाचाही टवका उडालेला नव्हता. भावजींनीही वाकून आत पाहिलं. त्यांना नुसता कीस दिसला.

"अण्णांकडून खोकं आल्यावर तळ पाहिला होता?"

"नाही," संग्रहपाल ओशाळले. "उलटं कशाला करणार?"

"आणि उघडायच्या आदल्या दिवशी इथे कोण आलं होतं?"

"पुतण्या विक्रीच्या सह्या करायला आला, तो वर माझ्या खोलीतच होता. पारखी आले होते, सील तपासायला. तासभर होते इथे. प्रदर्शनासाठी मागे लावायला हिरव्या मखमलीचा गठ्ठाही घेऊन आले होते, लांबलचक गुंडाळी. दोन शिपायांनी मिळून खाली आणली. पण रंग जमत नाही म्हणाले आणि परत घेऊन गेले. आमचे शिपाई धावले, तर कुणाला हात लावू देईनात. स्वतः खांद्यावर टाकून नेली, ह्या वयात!"

"खिळे ठोकल्याचा आवाज नाही आला कुणाला?"

"वर दालनात चार सुतार मंच बांधत होते. सगळ्या इमारतीत ठोकाठोकच चालली होती."

*

शिकाऱ्याचा पुतण्या घराच्या ओसरीत सायकल पुसत बसला होता. त्याचे हात काळे, बोलणं फटकळ.

"मी कशाला चोरीन? माझीच होती, मी विकली. खरं सांगू का, विकताना पोटात तुटलं. काका दर वर्षी ती बाहेर काढून पुसायचे. बंदुकीला हात ते लावायचे, मला लावू द्यायचे नाहीत. मी आपला कीस उपसून, खालच्या दोन लाकडांच्या खाचेत चिकटवलेली बनात, ते जाड लोकरी कापड, ब्रशने झाडायचो. तेवढीच माझी मानाची जागा."

"पारख्यांना ती बंदूक आवडली होती?"

"आवडली? नुसती बघतच राहिले. मग म्हणाले, संग्रहालयाऐवजी मला दे. मी म्हटलं, काकांची इच्छा होती की ती चार लोकांनी पाहावी. तेव्हा जरा फुरंगटले. त्या दिवशी बंदूक परत ठेवली तीसुद्धा आडवी-तिडवी, किसावर. ते लाखेची कांडी शोधत होते तोवर मी ती हलकेच दाबून खाचेत बसवली."

वाटेत भावजी म्हणाले, "पुतण्याच! पोटात तुटलं म्हणाला. विकून झाल्यावर पश्चात्ताप झाला, रात्री तळ उचकटला, बंदूक लपवली."

"आणि उचकटलेला तळ अण्णांना कड्या बसवताना दिसला नाही?"

भावजींनी ह्यावर विचार केला. कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत तो पुरला.

*

पारखी उंच, पांढऱ्या मिशांचे, आवाज भारदस्त. त्यांच्या दिवाणखान्याच्या भिंती तलवारींनी आणि बंदुकांनी भरल्या होत्या. मधली एक जागा तेवढी मोकळी होती. तिथे दोन पितळी आकडे चमकत होते.

"गरीब बिचारा तो खोकीवाला," ते म्हणाले. "मोहात पडला असेल. मला त्याचा राग नाही. चूक समितीची. एवढी मौल्यवान चीज कुणाच्याही हाती द्यायची?"

"तुमच्या सीलच्या छापाची कुणी नक्कल करू शकेल?"

पारख्यांनी डावा हात पुढे केला. करंगळीशेजारच्या बोटात जाड अंगठी होती, तिच्यावर वाघाचा पंजा कोरलेला. "खुशाल ओढून पाहा. वडलांनी घातली तेव्हापासून निघालेली नाही, आता सांध्यावरून निघणारही नाही. आणि पंजाच्या मधल्या नखाला बारीक चीर आहे. छाप माझा आहे की नाही हे मी लांबूनही सांगतो. खोक्यावरचा प्रत्येक छाप माझाच होता. त्यावर मी न्यायालयातही शपथ घेईन."

"खोकं तुम्ही नीट पाहिलं होतं?"

"खोकं?" पारखी हसले. "बाई, मी हत्यारं पाहतो. खोक्यात पाहण्यासारखं असतं काय? चार बाजू, तळ, झाकण आणि मध्ये भुसा. संग्रहपालांनी मात्र त्याचं देव्हाऱ्यातल्या देवासारखं कौतुक चालवलंय. मला दाखवायला ते चित्र घेऊन आले होते, मी उघडूनही पाहिलं नाही."

वहिनी उठल्या. "उद्या सकाळी तळघरात याल? मला तुमच्यासारख्या जाणकाराची मदत लागेल."

"अवश्य," पारखी म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी तळघरात संग्रहपाल, समितीचे अध्यक्ष, पुतण्या, पारखी आणि अण्णांची मुलगी जमली. दाराशी एक पोलीस अधिकारी हाताची घडी घालून उभा होता. अण्णा नव्हते.

"त्यांना बोलावलं नाही?" अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"नाही. त्यांना बोलवायचं कुणी आणि कसं, ते आपण शेवटी ठरवू," वहिनी म्हणाल्या. "भावजी, खोकं उलटं करायला हात द्या."

दोघांनी खोकं पालथं घातलं. संग्रहपालांनी पटाशीने तळाच्या तिन्ही फळ्या खिळ्यांसकट उचलल्या. भावजींनी कीस भराभर उपसला आणि रिकाम्या खोक्यात, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेल्या दोन जाड आडव्या फळ्या उघड्या झाल्या.

वहिनींनी ती लोखंडी नळी पारख्यांच्या हातात दिली. "चोराने तळातून बंदूक काढली आणि ही नळी तळातूनच आत सरकवली, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. करून दाखवाल?"

पारख्यांनी नळी आडवी धरली आणि आत्मविश्वासाने खाली नेली. ती घोड्यांवर आपटली. त्यांनी ती तिरपी केली. एक टोक आत शिरलं, दुसरं खोक्याच्या कडेला अडलं. दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला. पुन्हा खट् झालं. पण आता त्यांची नजर नळीवर नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच पाहिल्यासारखे ते त्या दोन लाकडांकडे पाहत होते.

"जात नाही ना?" वहिनी म्हणाल्या. "मग बाहेर तरी कशी येईल? बंदूक घोड्यांच्या वर होती. ती खोक्याइतकीच लांब, त्यामुळे तिरपी होत नाही. घोड्या काढाव्यात तर बाजूच्या चारही स्क्रूंवरचा जुना रंग तसाच आहे. तळातून बंदूक काढताच येत नाही. आणि संग्रहपालांना नळी कुठे सापडली? अगदी वर, घोड्यांच्याही वर. बंदूक झाकणातून गेली आणि नळी झाकणातूनच आली."

"पण सील!" अध्यक्ष म्हणाले.

"सीलकडे येतेच. आधी तळ. तळ उचकटला तो काही काढायला नाही, नुसता दाखवायला. अण्णांवर बोट दाखवायला. पण हे सोंग कुणी केलं असेल? अण्णांनी? बाजूचे स्क्रू पाहूनच त्यांना आत घोड्या आहेत हे कळलं होतं. पुतण्याने? तो लहानपणापासून त्या खाचा झाडत आलाय. संग्रहपालांनी? त्यांनी तर घोड्यांचं चित्र काढून भिंतीवर लावलंय. ह्या तिघांपैकी कुणालाही तळाचं सोंग सुचलंच नसतं. ते सुचलं ज्याला घोड्या ठाऊकच नव्हत्या त्याला. ज्याच्या मते खोकं म्हणजे चार बाजू, तळ, झाकण आणि मध्ये भुसा."

भावजींना हे वाक्य कुठे तरी ऐकल्यासारखं वाटलं, आणि मग त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"माझं सील शाबूत होतं!" पारखी गरजले.

"शाबूत नव्हतं, नवं होतं. झाकण उघडायला लाख फोडावीच लागते. फोडून पुन्हा ओतली आणि छाप मारला. छाप तुमचाच, ह्याची तुम्ही शपथ घ्यायला तयार आहात. अंगठी तुमच्या बोटातून निघत नाही, हेही तुम्हीच मला सांगितलंत, अभिमानाने. मग छाप दुसरं कोण मारणार?"

"आणि एवढी लांब बंदूक मी काय खिशात घालून नेली?"

"मखमलीत गुंडाळून नेलीत. येताना गुंडाळी ह्या लोखंडी नळीवर होती, जाताना बंदुकीवर. येताना शिपायांनी उचललेली चालली. जाताना मात्र तुम्ही कुणाला बोट लावू दिलं नाहीत, कारण हाताला चाप लागला असता. एक तास, आणि वर सुतारांची ठोकाठोक. सगळं नीट जमलं होतं."

पोलीस अधिकारी दोन पावलं पुढे आला. पारख्यांनी नळी टेबलावर ठेवली. त्यांची मान अजून खाली गेली नव्हती.

"माझ्या घरी आहे," ते म्हणाले. "मखमलीतच. तिची जागा माझ्या भिंतीवर होती. चाळीस वर्षं मी ह्या संग्रहालयाला हत्यारं ओळखायला शिकवलं, आणि तुम्ही तिला बाजूला ठेवून दिवे कशावर सोडणार? एका खोक्यावर!"

"त्याच खोक्याने तुम्हाला पकडलं," वहिनी म्हणाल्या.

पारखी गेल्यावर अध्यक्षांनी घसा खाकरला. "आम्ही अण्णांना पत्र पाठवू. दिलगिरीचं."

अण्णांची मुलगी इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. आता ती समोर आली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज अगदी स्वच्छ होता. "चोर म्हणायला तुम्ही चारचौघांत उभे राहिला होतात, साहेब. दिलगिरी पाकिटातून नको."

अध्यक्षांनी संग्रहपालांकडे पाहिलं. संग्रहपालांनी ह्या वेळी मात्र खाली पाहिलं नाही. "मी जातो," ते म्हणाले. "दुकानात. आत्ताच."

*

अण्णा आले ते धुतलेला शर्ट घालून, हत्यारांची पिशवी खांद्याला लावून. तळ दुरुस्त करायला संग्रहपालांनी त्यांना हात जोडून विनवलं होतं. अण्णांनी एकच अट घातली होती. काम तळघरात नाही, वर दालनात, आणि समिती समोर उभी असताना.

त्याप्रमाणे अख्खी समिती दालनात उभी होती. अध्यक्षांनी सगळ्यांच्या देखत माफी मागितली. अण्णांनी ती मान हलवून घेतली आणि कामाला लागले.

नवे खिळे त्यांनी एकेक करून असे काढले की फळीला चीर गेली नाही. जुन्या भोकांत लाकडाच्या बारीक खुंट्या बसवल्या, त्या तासून सपाट केल्या. फळ्या पूर्वीच्याच जागी, पूर्वीच्याच क्रमाने आल्या. कुणी खुर्ची मागितली नाही. भावजींचे गुडघे दुखायला लागले होते, पण त्यांनाही बसवेना. हे काम आपण उभ्यानेच पाहायला हवं असं त्यांना आतून वाटत होतं, आणि आपल्या वहिनींमुळे हा माणूस आज इथे आहे ह्या विचाराने त्यांचा ऊर भरून आला होता.

काम झालं. अण्णांनी तळावरून तळवा फिरवला आणि मागे सरकले.

"तपासून घ्या."

"तपासायचं काय, अण्णा?" संग्रहपाल गहिवरून म्हणाले. "तुमचं काम आहे. आमचा विश्वास आहे."

"विश्वास मागच्या आठवड्यात कुठे होता?" अण्णा शांतपणे म्हणाले. "तपासा. सगळ्यांनी."

अध्यक्ष पुढे झाले. चष्मा लावून वाकले. मग संग्रहपाल, मग समितीतला एकेक जण. फळ्यांच्या फटींवरून नखं फिरली, खुंट्यांवर बोटं दाबून झाली, एकाने तर गुडघ्यांवर बसून कड डोळ्यासमोर धरली. अण्णा हात मागे बांधून उभे होते. त्यांच्या शेजारी लेक उभी होती, बापासारखीच ताठ.

शेवटी अध्यक्ष सरळ झाले. "अण्णा, कुठेही काही चूक नाही."

"मला ठाऊक आहे," अण्णा म्हणाले.